शेजाऱ्याचा जामीन : फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन

कॉमर्सच्या मुलांना रायफायझेन हे नाव सहकाराच्या पेपरातल्या एका ठरावीक प्रश्नापुरतं माहीत असतं. जर्मनीत शुल्झ-डेलिच यांनी शहरातल्या कारागिरांसाठी पतसंस्था काढल्या, रायफायझेन यांनी खेड्यातल्या शेतकऱ्यांसाठी काढल्या, फरक स्पष्ट करा. आम्हा साहित्याच्या मुलांना तेवढीही ओळख नसते. पण या माणसाचं आयुष्य वाचायला घेतलं की लक्षात येतं, इथे परीक्षेच्या उत्तरापेक्षा बरंच काही आहे. चांगल्या माणसांच्या दानावर उभं केलेलं काम थोड्या वर्षांत का बसतं, आणि साध्या, आपापलं पाहणाऱ्या माणसांचं काम मात्र पिढ्यान् पिढ्या का टिकू शकतं, या प्रश्नाशी हा गृहस्थ जन्मभर झुंजला. आणि तोही जवळजवळ आंधळा झालेला असताना.

त्यांच्या गोष्टीकडे वळण्याआधी हा प्रश्न नीट मांडू या. समजा दोन शेतकऱ्यांची एक सामाईक विहीर आहे. उन्हाळ्यात गाळ काढायला हवा. दोघांनी मिळून काढला तर दोघांनाही पाणी मिळेल. पण पहिला मनात म्हणतो, दुसऱ्यानं काढला तर मला फुकट पाणी मिळेल, आणि तो आलाच नाही तर मी एकटा कशाला मरू? दुसराही नेमका तसाच विचार करतो. दोघंही आपापल्या परीनं शहाणे, आणि विहीर मात्र बुजलेली. गेम थिअरी नावाची गणिताची शाखा अशाच पेचांचा अभ्यास करते. १९५० मध्ये अमेरिकेतल्या रँड या संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर या दोघांनी असा एक खेळ मांडला, आणि अल्बर्ट टकर या गणितज्ञानं त्याला दोन कैद्यांच्या गोष्टीचं रूप दिलं. तेव्हापासून तो ‘कैद्यांचा पेच’ म्हणून ओळखला जातो. प्रत्येकानं स्वतःपुरतं बरोबर वागायचं आणि सगळ्यांनी मिळून नुकसान करून घ्यायचं, हे त्याचं सार.

रायफायझेन यांनी यातलं काहीच वाचलं नव्हतं. ते वारले १८८८ मध्ये. त्यांनी हा पेच पाहिला तो बटाट्याच्या दुष्काळात, उसनवारीच्या वहीत आणि सावकाराच्या गोठ्यात.

फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी सीग नदीकाठच्या हाम या गावी झाला. ऱ्हाईन नदीच्या पूर्वेला वेस्टरवाल्ड नावाचा डोंगराळ, थंड आणि गरीब मुलूख आहे, त्याच्या काठावरचं हे गाव. तेव्हा तो भाग प्रशियाच्या राज्यात होता. नऊ भावंडांत हे सातवे. वडील काही काळ गावचे महापौर होते, पण मुलगा लहान असतानाच त्यांची नोकरी सुटली आणि घराचा सगळा भार आईवर आला. पैसा नव्हता, त्यामुळे वरच्या शाळेत पाठवणं शक्यच नव्हतं. गावचे प्रॉटेस्टंट पाळक त्यांचे धर्मपिता होते, त्यांनीच या मुलाला शिकवलं. वाचन, हिशोब आणि श्रद्धा या तिन्ही गोष्टी त्यांना एकाच घरातून मिळाल्या, असं म्हणायला हरकत नाही.

सतराव्या वर्षी त्यांनी सैन्याची वाट धरली. गरीब घरातल्या हुशार मुलाला पुढे सरकायचं तर तोच एक रस्ता होता. तोफखान्यात भरती झाले, कोलोनला राहिले, पुढे कोब्लेन्झला शिकले. अधिकारी होण्याची चिन्हं होती. पण डोळ्यांचा आजार जडला आणि १८४३ मध्ये सैन्य सोडावं लागलं. हा आजार पुढे शेवटपर्यंत त्यांच्या मागे राहिला. सैन्यातून ते मुलकी नोकरीत आले, आणि १८४५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, वेस्टरवाल्डमधल्या वायरबुश इथे महापौर म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी एमिली श्टोर्क यांच्याशी लग्न झालं.

महापौर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॉर्पोरेशनची इमारत येते. तिथे तसं नव्हतं. हा सरकारनं नेमलेला अधिकारी, आणि त्याच्या हाताखाली वीसेक लहान खेडी. जमिनीचे तुकडे तुकडे झालेले, रस्ते नाहीत, शाळा पडक्या. आणि रायफायझेन तिथे पोहोचले तेव्हाच युरोपभर बटाट्यावर रोग पडला होता. १८४६ चं पीक बुडालं. १८४६-४७ चा हिवाळा जर्मनीत उपासमारीचा हिवाळा म्हणून ओळखला जातो.

सरकारकडून पीठ आलं, पण अट अशी की रोख पैसे देणाऱ्यालाच द्यायचं. आता ज्यांच्याकडे रोख पैसा होता त्यांना सरकारी पिठाची गरजच नव्हती, आणि ज्यांना गरज होती त्यांच्या खिशात दमडी नव्हती. तरुण महापौरांनी ती अट बाजूला ठेवली आणि पीठ उधारीवर वाटलं. पण ते किती दिवस पुरणार? मग त्यांनी गावातल्या खाऊनपिऊन सुखी लोकांना गोळा केलं, त्यांच्याकडून पैसा उभा केला, बाहेरून धान्य आणलं, गावची स्वतःची भट्टी बांधली आणि बाजारापेक्षा बऱ्याच स्वस्त दरात पाव द्यायला सुरुवात केली. याला त्यांनी पाव मंडळ म्हटलं. वसंत ऋतूत याच मंडळानं पेरणीसाठी बटाट्याचं बियाणंही आणून दिलं. त्यांच्या सगळ्या कामाची सुरुवात ही अशी, एका भट्टीपासून.

१८४८ मध्ये त्यांची बदली फ्लामर्सफेल्डला झाली. तिथे तीसहून अधिक गावं आणि दुखणं वेगळं. दुष्काळ सरला होता, पण कर्ज उरलं होतं. गाय ही त्या भागातल्या शेतकऱ्याची सगळी दौलत. नांगराला तीच, दुधाला तीच, खताला तीच. ती मेली किंवा विकावी लागली की शेतकरी गुरांच्या व्यापाऱ्याकडे जायचा. व्यापारी उधारीवर गाय द्यायचा, किंमत वाट्टेल ती, व्याज वेगळं. एखादा हप्ता चुकला की गायही जायची आणि तिच्यामागून जमिनीचा तुकडाही. आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. सावकाराच्या वहीत एकदा नाव गेलं की बाप फेडतो आणि मुलगाही फेडतो, हे दख्खनच्या शेतकऱ्यांना चांगलंच ठाऊक होतं. म्हणूनच १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले.

फ्लामर्सफेल्डमध्ये १८४९ साली रायफायझेन यांनी साठेक सधन लोकांना एकत्र आणून मदत मंडळ काढलं. या लोकांनी आपली मालमत्ता तारण म्हणून उभी केली, त्यावर कर्ज काढलं आणि गरीब शेतकऱ्यांना गुरं घेऊन दिली. पैसे पाच वर्षांत हप्त्यांनी फेडायचे. योजना चालली. अनेकांच्या दारात पुन्हा गाय उभी राहिली.

१८५२ मध्ये पुन्हा बदली झाली, या वेळी ऱ्हाईनकाठच्या नॉयवीड शहराला लागून असलेल्या हेडेसडोर्फला. इथे १८५४ मध्ये त्यांनी जे मंडळ काढलं त्याच्या नावातच परोपकार होता आणि उद्देशांची यादी लांबलचक होती. अनाथ आणि दुर्लक्षित मुलांना सांभाळायचं, तुरुंगातून सुटलेल्यांना उभं करायचं, बेकारांना काम द्यायचं, शेतकऱ्यांना गुरं द्यायची, कर्ज द्यायचं. एका मनस्वी ख्रिस्ती माणसाला जे जे करावंसं वाटेल ते सगळं त्यात होतं.

आणि इथेच त्यांच्या आयुष्यातलं मोठं वळण आलं. मंडळ हळूहळू थंड पडायला लागलं. पहिल्या वर्षी पुढे आलेले लोक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मागे सरकले. यात कुणी दुष्ट नव्हतं. पण देणारे वेगळे आणि घेणारे वेगळे होते. देणाऱ्याला वाटायचं, मी अजून किती दिवस दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू? बाकीचे आहेत की. घेणाऱ्याला वाटायचं, पैसा श्रीमंतांचा आहे, एखादा हप्ता मागेपुढे झाला तर काय बिघडतं? विहिरीचा तोच पेच इथेही होता. प्रत्येकाला वाटत होतं की गाळ दुसऱ्यानं काढावा.

रायफायझेन यांना हे मान्य करणं सोपं गेलं नसणार. शेजाऱ्यावर प्रेम करा ही शिकवण त्यांच्या दृष्टीनं जगण्याचा पाया होती. आणि त्या प्रेमावर थेट बांधलेली इमारत डोळ्यांसमोर कलत होती. दोन सोप्या वाटा त्यांच्यासमोर होत्या. एक, लोकांना दोष द्यायचा, की या गावात धर्म उरला नाही. दोन, माणूस स्वार्थीच आहे असं म्हणून घरी बसायचं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. १८६२ च्या सुमारास त्यांच्या अधिकारातल्या आन्हाउझेनसारख्या खेड्यांत वेगळ्या नियमांची मंडळं सुरू झाली, आणि १८६४ मध्ये हेडेसडोर्फच्या जुन्या परोपकारी मंडळाच्या जागी कर्ज मंडळ आलं. मुख्य बदल एकच होता. ज्याला कर्ज हवं त्यानं सभासद व्हायचं. दाते आणि याचक अशी दोन टोकं राहिली नाहीत. मदत करणारा आणि मदत घेणारा एकाच बाकावर बसले.

आता या मंडळांचे नियम जरा नीट पाहू, कारण त्यांच्या कामाचं खरं मोल तिथेच आहे.

पहिला नियम, मंडळाचा परीघ लहान. एक गाव, फार तर एका चर्चच्या हद्दीतली जवळजवळची गावं. कोण कष्टाळू, कोण दारूत पैसा घालवतो, कुणाची गाय आजारी आहे, हे सगळ्यांना न विचारता माहीत असायचं. शहरातल्या बँकेला हे कळायला शंभर कागद लागतात. इथे रविवारी चर्चबाहेरच्या गप्पांत कळायचं.

दुसरा नियम सगळ्यात कडक. प्रत्येक सभासदाची जबाबदारी अमर्याद. मंडळ बुडालं तर सभासदाची घरजमीनही त्याच्या देण्यापोटी जाऊ शकेल. ऐकायला हे भयंकर वाटतं. पण त्याचा परिणाम बघा. ज्याची जमीन पणाला लागली आहे तो शेजाऱ्यानं घेतलेल्या कर्जाचं काय केलं हे पाहिल्याशिवाय राहणार नाही. गाय घ्यायला पैसे नेले आणि गाय आली नाही, तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी दारात विचारायला उभं राहील. पहारेकरी नेमायची गरजच पडत नाही, आपापल्या हितासाठी सगळेच पहारेकरी होतात. शिवाय बाहेरच्या सावकाराला किंवा ठेवीदारालाही विश्वास वाटतो, कारण पैशामागे अख्खं गाव उभं आहे.

तिसरा नियम कर्जाबद्दल. कर्ज फक्त सभासदाला, सांगितलेल्या कामासाठी आणि जामीन घेऊन. पण मुदत मात्र लांब, कधी कधी दहा वर्षांपर्यंत, कारण शेतीचा पैसा तीन महिन्यांत परत येत नाही. इथेच शुल्झ-डेलिच यांच्याशी त्यांचा वाद झाला. त्यांच्या शहरी संस्था थोड्या मुदतीचं कर्ज देत, सभासदांकडून भाग भांडवल घेत आणि त्यावर लाभांश देत. रायफायझेन यांना भाग भांडवल आणि लाभांश दोन्ही नको होते. गरिबाकडे भाग घ्यायला पैसा कुठून येणार? आणि एकदा लाभांशाची चटक लागली की सभासद कर्जदाराच्या व्याजाकडेच डोळे लावून बसणार. पुढे कायद्यामुळे थोडं भाग भांडवल ठेवावं लागलं, तरी त्यांनी ते नावापुरतंच ठेवलं.

चौथा नियम मला सगळ्यात जास्त आवडतो. उरलेला नफा एका राखीव निधीत जायचा आणि तो निधी कधीच वाटता यायचा नाही. मंडळ बंद करून पैसा आपापसांत वाटून घेऊ, असं उद्या कुणाच्या मनात आलं तरी हातात काहीच पडणार नाही. मोडण्यात कुणाचाच फायदा नाही, म्हणून मोडावंसंही कुणाला वाटत नाही. वर तो निधी पुढच्या पिढीचा होतो, म्हणजे ज्यांचे चेहरेही आपण पाहिले नाहीत त्यांचा.

पाचवा नियम, काम बिनपगारी. मंडळाचे चालक मानधन घेत नसत. फक्त हिशोबनीसाला थोडा पगार असे, आणि त्याला कर्ज कुणाला द्यायचं हे ठरवण्यात मत नसे. ज्याच्या हातात तिजोरीची किल्ली त्याच्या हातात निर्णय नाही. सभेत मात्र प्रत्येकाला एक मत, मग त्याची शेतं दहा असोत की एक.

गेम थिअरीच्या अभ्यासकांनी शंभर वर्षांनंतर जे निष्कर्ष काढले ते या नियमांशेजारी ठेवून पाहावेत. १९८० च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातले रॉबर्ट अॅक्सेलरॉड यांनी कॉम्प्युटरवर एक स्पर्धा घेतली. कैद्यांच्या पेचाचा खेळ पुन्हा पुन्हा खेळायचा, आणि कुणी कसं वागायचं याच्या युक्त्या जगभरच्या अभ्यासकांनी पाठवायच्या. जिंकली ती अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेली सगळ्यात साधी युक्ती. आधी आपण सहकार्य करायचं, मग समोरचा जसा वागेल तसं वागायचं. तो सुधारला की आपणही मागचं विसरायचं. यातून अॅक्सेलरॉड यांनी जो धडा काढला तो असा की एकदाच भेटणाऱ्या दोन स्वार्थी माणसांनी एकमेकांना फसवणं साहजिक आहे, पण ज्यांना उद्या, परवा आणि पुढच्या वर्षीही एकमेकांचं तोंड पाहायचं आहे, त्यांना सहकार्य परवडतं. दहा वर्षांचं कर्ज, एकच गाव, कधीही न वाटता येणारा निधी. रायफायझेन यांनी आपल्या शेतकऱ्यांसमोर हा ‘उद्या’ लांबच लांब पसरून ठेवला होता.

एवढंच नाही. १९९४ मध्ये अभिजित बॅनर्जी, टिमथी बेस्ली आणि टिमथी गिनन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या याच जुन्या पतसंस्थांवर एक गाजलेला लेख लिहिला. शेजाऱ्यानं शेजाऱ्यावर लक्ष ठेवावं यासाठी संस्थेचे नियम कसे असावेत, हा त्याचा विषय. रायफायझेन यांनी अनुभवातून बसवलेली घडी त्यांनी गेम थिअरीच्या भाषेत मांडून तपासली. हेच बॅनर्जी पुढे २०१९ च्या नोबेलचे मानकरी झाले. त्यांच्या आई निर्मला मूळच्या पाटणकर, म्हणजे आपल्या मराठी घरातल्या.

नियम बसत होते तेव्हा ते बसवणाऱ्याचं घर मात्र मोडत होतं. १८६३ मध्ये एमिली वारल्या. पदरात चार मुलं होती, आणखी काही आधीच लहानपणी गेली होती. त्यातच रायफायझेन यांना टायफसनं गाठलं. डोळ्यांचा जुना आजार बळावला आणि दिसणं जवळजवळ बंद झालं. १८६५ मध्ये, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, सरकारनं त्यांना निवृत्त केलं. पेन्शन तुटपुंजी. घर चालवायला त्यांनी आधी सिगारचा लहानसा कारखाना काढून पाहिला, मग वाईनचा व्यापार केला. ज्या माणसानं हजारोंना कर्जातून सोडवलं त्याला स्वतःचा महिना भागवण्यासाठी वाईन विकायची वेळ आली. आपल्या मंडळांतून पगार घ्यायचा विचार त्यांनी केला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पण बिनपगारी कामाचा नियम त्यांचाच होता.

या काळात त्यांचे डोळे झाली ती थोरली मुलगी अमाली. वडील नोकरीतून उतरले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आलेली पत्रं ती वाचून दाखवायची, उत्तरं लिहायची, हिशोब तपासायची. १८६६ मध्ये रायफायझेन यांचं कर्ज मंडळांवरचं पुस्तक निघालं, ते त्यांनी तिला तोंडी सांगून लिहून घेतलं. खेड्यापाड्यांतल्या पाळकांनी आणि शिक्षकांनी ते वाचलं आणि आपापल्या गावी मंडळं काढली. त्यांच्या हयातीत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या. रायफायझेन यांनी १८६८ मध्ये दुसरं लग्न केलं, पण अमाली मात्र वडिलांपाशीच राहिली. तिनं लग्न केलं नाही, आणि शेवटपर्यंत त्यांच्या कामाचा भार उचलला. सहकाराच्या इतिहासात तिच्या नावाला क्वचितच एखादी ओळ मिळते. सगळ्यांनी मिळून भार वाटून घ्यावा, असं जगाला शिकवणाऱ्या माणसाच्या घरी एकीनंच तो एवढा उचलला, ही गोष्ट मनाला टोचते आणि ती लपवूही नये.

आणखी एक गोष्ट लपवू नये. त्या भागातले अनेक गुरांचे व्यापारी ज्यू होते, आणि रायफायझेन यांच्या नंतरच्या लिखाणात ज्यूंबद्दलचे त्या काळचे पूर्वग्रह उतरले आहेत. शेजारी कुणाला म्हणायचं, या प्रश्नाचं त्यांचं उत्तर गावाच्या वेशीपाशी कधी कधी अडलं. त्यांच्या व्यवस्थेचीही तीच मर्यादा होती. ज्याची गावात पत नाही, त्याला सभासद कोण करून घेणार? शेजाऱ्याची नजर माणसाला प्रामाणिक ठेवते, तशी ती त्याला जाचूही शकते.

एका गावाचं मंडळ उभं राहिलं तरी एक धोका उरतोच. गारपीट झाली तर अख्ख्या गावाचं पीक एकाच दिवशी जातं, मग कोण कुणाला सावरणार? यावर उपाय म्हणून रायफायझेन यांनी १८७२ मध्ये नॉयवीडला मंडळांची मिळून एक बँक काढली, १८७६ मध्ये मध्यवर्ती कर्ज संस्था आणि १८७७ मध्ये सगळ्या मंडळांचा संघ. एका खोऱ्यातली शिल्लक दुसऱ्या खोऱ्यातल्या गरजेला पोहोचू लागली, आणि संघाचे तपासनीस गावोगाव जाऊन वह्या पाहू लागले. गावातल्या गावात संगनमत झालं तर बाहेरची नजर हवी, हे त्यांनी ओळखलं होतं. टीकाही खूप झाली. शुल्झ-डेलिच यांनी त्यांची पद्धत धोक्याची ठरवली, सरकारी चौकशी समिती नेमली गेली आणि तिचा निष्कर्ष त्यांच्या बाजूनं गेला. हेसेमधले विल्हेल्म हास त्यांच्या संघातून वेगळे झाले, कारण त्यांना धर्माचा भर आणि केंद्राची पकड दोन्ही कमी हवे होते. रायफायझेन मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले की नियम कितीही चांगले असले तरी आत प्रेम नसेल तर ती केवळ पैशाची पेढी होईल.

११ मार्च १८८८ रोजी, सत्तरावा वाढदिवस तीन आठवड्यांवर असताना, ते वारले. दोनच दिवसांपूर्वी जर्मनीचा सम्राट पहिला विल्हेल्म वारला होता, त्यामुळे सगळं राष्ट्र वेगळ्याच शोकात होतं. तोपर्यंत रायफायझेन यांच्या संघात चारशेहून अधिक मंडळं होती.

ही कल्पना आपल्याकडे कशी आली, तेही थोडक्यात पाहू. वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुणे भागासाठी शेतकी बँकेची योजना मांडली, पण सरकारदरबारी ती अडकली. रायफायझेन गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, वडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहकारी मंडळी सुरू केली. कुठलाही कायदा नसताना, आपल्या आपण. मग मद्रास सरकारनं फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपातल्या शेतकी बँकांचा अभ्यास करायला सांगितलं. त्यांच्या जाडजूड अहवालाचा मथितार्थ असा होता की हिंदुस्थानला आधी एक रायफायझेन शोधावा लागेल. १९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि त्यात खेड्यातल्या संस्थांसाठी अमर्याद जबाबदारी हाच सर्वसाधारण नियम ठेवला गेला. पुढच्याच वर्षी गदगजवळच्या कणगिनहाळ गावात सिद्धनगौडा पाटील यांनी या कायद्याखालची पहिली शेतकी पतसंस्था उभी केली. तेव्हा हा सगळा प्रदेश मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे बेळगावकरांना ही गोष्ट परक्या मुलखाची वाटायचं कारण नाही.

कॅथलिक समाजातही हे बी रुजलं. छोटा नागपुरात फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन या जर्मन जेझुइटांनी १९०९ मध्ये मुंडा आणि उरांव लोकांसाठी कॅथलिक सहकारी पतसंस्था काढली. वसईत १९१८ मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी बसीन कॅथलिक पतसंस्थेचा पाया घातला, तीच आजची बँक. एका प्रॉटेस्टंट महापौरानं आखलेल्या वाटेवरून कॅथलिक धर्मगुरू चालले, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. २०१६ मध्ये युनेस्कोनं सहकाराची कल्पना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, ती जर्मनीच्याच प्रस्तावावरून.

आपल्यासारख्यांना या चरित्रातून काय घ्यावं असा प्रश्न पडतो. लहानपणापासून आपल्याला दोन गोष्टी वेगवेगळ्या वर्गांत शिकवल्या जातात. चर्चमध्ये आणि घरात सांगतात की दुसऱ्यासाठी जगा. अर्थशास्त्राच्या वर्गात सांगतात की माणूस स्वतःचा फायदा पाहतो. दोन्ही ऐकून आपण गोंधळतो आणि मग ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकजण रात्रभर जागतो, बाकीचे नाव लावून घेतात. रायफायझेन यांनी दोन्ही वाक्यं खरी मानली. माणूस स्वतःचं पाहणारच, हे त्यांनी रागावून म्हटलं नाही, धरून चालले. आणि तरीही शेजाऱ्यावर प्रेम करता यावं म्हणून नियम बसवले, वह्या ठेवल्या, जामीन घेतले. परोपकारी मंडळात प्रेम हे थोड्या थोर माणसांचं काम होतं. कर्ज मंडळात ते कुणाही सामान्य शेतकऱ्याला परवडू लागलं, कारण त्यानं शेजाऱ्याला हात दिला तर बाकीचेही देतील याची त्याला खात्री होती.

आपल्या गावातल्या पतसंस्था, बचत गट, पॅरिशच्या सोसायट्या यांच्याबद्दल चांगलं-वाईट दोन्ही कानावर येतं. काही बुडाल्याच्या बातम्याही येतात. अशा वेळी त्या माणसांच्या नियतीबद्दल बोलण्याआधी रायफायझेन यांनी विचारले असते ते प्रश्न आपणही विचारावेत. सभासद एकमेकांना ओळखतात का? वह्या बाहेरचं कुणी तपासतं का? किल्ली आणि निर्णय एकाच हातात तर नाहीत ना? आणि मोडली तर फायदा कुणाचा? हे प्रश्न फारसे धार्मिक वाटत नाहीत. पण एका श्रद्धाळू माणसानं परोपकारी मंडळाच्या अपयशातून ते शिकून घेतले, आणि डोळ्यांची दृष्टी गेल्यावरही वीसहून अधिक वर्षं गावोगावच्या शेतकऱ्यांना तो ते विचारत राहिला.